चंदेरी पॅनलवरची रेघ

कूलरचं तोंड चंदेरी असलं की वारा जास्त गार लागतो, असं कुणीतरी हिमवात कंपनीच्या कानात सांगितलं असावं. नाहीतर दोन हजार चार-पाचच्या त्या काळात प्रत्येक कूलरचं पुढचं पॅनल चंदेरीच पाहिजे असा हट्ट त्यांनी धरला नसता. मोबाइल चंदेरी झाले होते, टीव्ही चंदेरी झाले होते, मग कूलरनंच काय पाप केलं होतं? कुरकुंभच्या एमआयडीसीत हिमवातचे साहेब एसीत बसून हट्ट धरायचे आणि तो पुरवायला इकडे कोरेगाव भीमा आणि सणसवाडीच्या मधे, रविराजच्या कारखान्यात, माणसं दिवसभर थिनर प्यायची. तोंडानं नव्हे, नाकानं.

काम सांगायला सोपं होतं. मोल्डिंगच्या मशीनमधून पॅनल पांढरंफटक बाहेर पडायचं आणि रंगाच्या बूथमध्ये जायचं. तिथं ते थिनरनं पुसायचं, त्यावर आधी प्रायमर, मग चंदेरी रंग, मग चमक यायला लॅकर मारायचा आणि भट्टीत सुकवायचं. फवाऱ्याच्या गनमधून सुटलेला निम्मा रंग पॅनलवर बसायचा आणि उरलेला हवेत उडायचा. त्यातला काही पंखा ओढून घ्यायचा, काही बूथच्या भिंतीवरून वाहणाऱ्या पाण्याच्या पडद्यात पडायचा आणि त्याचा चिकट राखाडी गाळ व्हायचा. तो पिंपांत भरून कंपाउंडच्या मागं, ओढ्याच्या बाजूला ठेवायचा. पिंपं पाझरली की ओढ्याकाठच्या वस्तीतल्या म्हशी पाण्याला तोंड लावायच्या नाहीत. म्हशींना तेवढं तरी कळायचं. बूथमधल्या माणसांना कळूनही श्वास घ्यावाच लागायचा.

त्या माणसांतले सगळ्यांत जुने म्हणजे चांगदेव. रविराजच्या वडिलांनी केंदूरची शेती भावाकडे सोपवून इथं पहिली पत्र्याची शेड टाकली, तेव्हापासून त्यांच्या हातात रंगाची गन होती. सगळा कारखाना त्यांना चांगदेवमामा म्हणायचा. त्यांची मुलगी करुणा डिप्लोमा करून त्याच कारखान्यात इंजिनीअर म्हणून लागली. बाप बूथमध्ये आणि लेक ऑफिसात, याचं कोरेगावात भारी कौतुक होतं. करुणाला मात्र त्या कौतुकाचं काही वाटेनासं झालं होतं, कारण पहाटे वडील खोकायला बसले की घरातली भांडी सुद्धा आता वाजतील असं तिला वाटायचं.

शिरूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून स्पष्टच सांगितलं होतं. "यांना रंगातून बाहेर काढा. औषधं मी देतो, पण हे थिनर हुंगत राहिले तर त्या औषधांचा काही उपयोग नाही. नंतर मला दोष देऊ नका."

चांगदेवमामांनी मान डोलावली, "व्हय व्हय, सोडतो की," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला नेहमीसारखे बूथमध्ये हजर. पार्वतीबाईंनी, म्हणजे करुणाच्या आईनं, रागानं डबा दिला नाही, तर तसेच उपाशी गेले.

"दुसरं काय येतंय मला?" ते म्हणायचे. "आन् माझ्यावाणी सिल्वर मारणारा ह्या रोडला दुसरा कोन हाय ते दाखव. मंग सोडतो."

दाखवायला खरंच कुणी नव्हतं, हीच तर पंचाईत होती. शेवटी करुणानं ठरवलं की माणूस बूथ सोडत नसेल तर बूथच काढून टाकायचा.

ते होण्यासारखं होतं. रंग वरून मारण्याऐवजी प्लास्टिकच्या दाण्यातच चंदेरी पूड मिसळायची, म्हणजे साच्यातून पॅनल चंदेरीच बाहेर पडतं. प्रायमर नको, लॅकर नको, थिनर नको, भट्टी नको, गाळाची पिंपंही नकोत. वर ओरखडा पडला तरी खाली पांढरं दिसत नाही, कारण आतपर्यंत एकच रंग. वाया गेलेला माल दळून पुन्हा वापरता येतो, रंगवलेला येत नाही. इतकं सरळ होतं की पहिल्यांदा रविराजला सांगताना करुणाला वाटलं, दुपारपर्यंत हो म्हणतील.

रविराजनं हो म्हणायला जवळजवळ वर्ष लावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला जुनं मोडायची भयंकर धास्ती. "मॅडम," तो म्हणायचा (वडिलांच्या पेंटरची मुलगी असली तरी तो तिला मॅडमच म्हणायचा, थोडं कौतुकानं आणि थोडं चिडवून), "रंग म्हंजी दागिना हाय. बिनादागिन्याची पोरगी कोन बघायला येणार?"

"मला येतील," करुणा एकदा फणकाऱ्यानं म्हणाली. तो हसला आणि विषय तिथंच राहिला.

मग ओढ्याकाठच्या लोकांनी पिंपांवरून तालुक्याला तक्रार केली, गावचे चार लोक गेटवर येऊन उभे राहिले, आणि रविराजला एकाएकी पर्यावरणाचं प्रेम आलं. करुणानं लोखंड तापलंय तोवर त्याच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. बिनरंगी पॅनल हिमवातनं मंजूर केलं की बूथ बंद, आणि बूथमधली माणसं घरी न पाठवता जुळणीच्या टेबलांवर बसवायची.

पुढं सुरू झाली साच्याशी झटापट. पॅनलच्या मधे वाऱ्याची जाळी होती. वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरलं की त्या जाळीला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पलीकडं पुन्हा एकत्र यायचं, आणि जिथं दोन्ही धारा भेटायच्या तिथं चंदेरी पूड उभी राहून एक काळपट रेघ दिसायची. नेमकी कंपनीच्या नावाखाली. पांढऱ्या पॅनलवरही ती रेघ असायचीच, पण रंगाखाली झाकून जायची. आता झाकायला काहीच नव्हतं. करुणानं साचा जास्त तापवून पाहिला, वेग वाढवला, कमी केला, पूड बारीक मागवली, भोसरीच्या टूलरूममध्ये साचा नेऊन प्लास्टिक आत शिरायचं तोंडच हलवून घेतलं. बोटाएवढी रेघ काडीएवढी झाली, काडीएवढी केसाएवढी झाली, आणि तिथं हटून बसली. ती काही जाईना. करुणाला झोपेत सुद्धा ती रेघ दिसायला लागली.

साच्याचं एक वेळ ठीक, तो निर्जीव. कुरकुंभचे सोहोनी साहेब तर जिवंत होते. हिमवातची गुणवत्ता तपासणी त्यांच्याकडे. माणूस सज्जन, बोलायला मऊ, पण तपासणीच्या तक्त्याबाहेर जगात काही असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. तक्त्यात लिहिलं होतं की पॅनलवर चिकटपट्टी लावून ओढायची आणि रंग उचकटतो का ते पाहायचं.

"साहेब, रंगच नाही तर उचकटणार काय?" करुणानं विचारलं.

"पण रकाना आहे ना, मॅडम."

"मग रिकामा ठेवा."

"रिकामा ठेवला तर तपासणी अपुरी होते."

"मग उत्तम लिहा!"

"न तपासता कसं लिहू?"

या एका रकान्यासाठी करुणा शिक्रापूर, न्हावरा, चौफुला अशा एसट्या बदलत कुरकुंभला खेटे घालत राहिली. चौफुल्याला गाडीची वाट बघत उभी असताना तिला वाटायचं, आपण हे सगळं सोडून केडगावच्या मिशनच्या शाळेत मुलांना गणित शिकवावं. पण तिनं नेट सोडला नाही. सोहोनींच्या वरच्यांकडे गेली, त्यांच्याही वरच्यांकडे गेली, आणि अखेर रंगाच्या सगळ्या चाचण्या त्या पॅनलपुरत्या तक्त्यातून काढून टाकायला लावल्या. रंगाबद्दल आता कुणी काही तपासणार नव्हतं. त्या दिवशी ती घरी येऊन पोटभर जेवली.

रेघेचं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. लपवायची नाही. नमुने घेऊन जायचं, सोहोनींच्या हातात पॅनल द्यायचं आणि पहिल्यांदा त्या रेघेवरच बोट ठेवायचं. ही एवढी केसाएवढी रेघ पत्करा आणि त्याच्या बदल्यात अख्खा बूथ बंद होतोय ते बघा, असं सांगायचं. बोलायचं सगळं पाठ करून ठेवलं. आणि नेमकं जायच्या दिवशी मोठं मशीन बंद पडलं. रविराज म्हणाला, "तुम्ही मशीन बघा मॅडम, सॅम्पल मी घिऊन जातो. माझी बी कुरकुंभला कामं हायेतच."

"रेघ दाखवा बरं का आधी," करुणानं पुन्हा पुन्हा बजावलं. "त्यांनी शोधायच्या आधी आपण दाखवायची."

"दाखवतो हो," रविराज म्हणाला.

संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. पॅनल मंजूर! सोहोनींनी नमुन्याच्या पाठीवर सही करून तो आपल्या कपाटात ठेवला होता. यापुढं प्रत्येक माल त्याच्याशी ताडून बघायचा.

"रेघेचं काय म्हणाले?"

"कसली रेघ आन् कसलं काय! मला तर काय घावली न्हाई. तुम्हीच उगी डोळे फोडून बघता मॅडम. सोहोनी म्हनले, रंगवल्यावाणीच दिसतंय."

करुणाला त्या क्षणी थोडं खटकायला हवं होतं. पण इतके दिवस कपाळावर हात मारून घेतल्यावर कुणी पेढा दिला तर माणूस तो आधी खातो. तिनं खाल्ला, वडिलांसाठी एक रुमालात बांधून नेला. त्यांनीही खाल्ला आणि नुसते हसले.

बूथ मोडला. पंखा काढला, पडद्याची टाकी काढली, भट्टी भंगारात गेली, ओढ्याकडची पिंपं गाडीत भरून रीतसर नेली. चांगदेवमामा जुळणीच्या टेबलावर बसून स्क्रू पिळायला लागले. त्यांना ते आवडत नव्हतं हे दिसत होतं. ते कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. पण थंडी असूनही त्यांचा खोकला हळूहळू उतरला. एका सकाळी तर करुणाला उशिरा जाग आली, कारण पहाटे कुणी खोकलंच नव्हतं. ती अंथरुणात पडून ती शांतता ऐकत राहिली. ती इतकी सुखात होती की तिला रडायला आलं.

एक जानेवारीची विजयस्तंभाकडची गर्दी ओसरली, रस्ता मोकळा झाला, आणि बिनरंगी पॅनलांचा पहिला मोठा माल कुरकुंभला गेला. दोनच दिवसांत तो सगळा परत आला. कारण: मंजूर नमुन्याशी जुळत नाही, नावाखाली रेघ दिसते.

करुणा तडक कुरकुंभला गेली. सोहोनींनी कपाटातून नमुना काढला, परत आलेल्या पॅनलशेजारी ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हीच सांगा मॅडम. हा आमचा मंजूर नमुना. याच्यावर कुठं आहे रेघ?"

नव्हती. करुणानं पॅनल उचललं, उजेडाकडे धरलं, तिरपं केलं. नावाखालची जागा नितळ होती. मग तिची नजर खालच्या उजव्या कोपऱ्याकडे गेली. तिथं चंदेरी रंग अगदी किंचित, इतरांना दिसणार नाही इतका, दाट होता. लहानपणी ती बूथच्या दाराशी डबा घेऊन उभी राहायची तेव्हापासून तिला ती सवय माहीत होती. चांगदेवमामांचा हात डावीकडून निघायचा आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात एक क्षण रेंगाळून थांबायचा.

तिनं पॅनल खाली ठेवलं. "बघते साहेब," एवढंच म्हणाली. परतीच्या एसटीत तिला धड राग येईना, धड रडू येईना. पारगावच्या पुलावरून गाडी जाताना तिनं शेजारच्या बाईला उगीचच विचारलं, "पाणी कमी झालंय ना नदीला?" ती बाई म्हणाली, "तेवढंच हाय की."

घडलं होतं ते अगदी साधं. कारखान्याची जुनी रीत होती. गिऱ्हाइकाकडे जाणारा नमुना चांगदेवमामांच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय गाडीत चढायचा नाही. कुठं डाग, कुठं खरचट असेल तर मामा एक हात मारून द्यायचे. माल भरणारा मल्हारी वर्षानुवर्षं तेच करत आला होता, त्यानं त्या दिवशीही तेच केलं. करुणानं साच्याला सांगितलं, रविराजला बजावलं, सोहोनींचा तक्ता बदलून घेतला. मल्हारीला काही सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

"व्हय, मारला की एक हात," चांगदेवमामा म्हणाले. अंगणात दोरीवरचे कपडे काढता काढता म्हणाले, लपवायसारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. "रेघ होती नावाखाली. तुझ्या नावानं जाणारं पॅनल, आन् नावाखालीच रेघ? हलका हात मारला, लॅकर बी न्हाई."

"आप्पा, पॅनलला रंग नाही हे दाखवायलाच ते नेलं होतं!"

"ते कळतंय मला. पर सॅम्पल हाय ना ते? सॅम्पल सगळेच नटवून पाठवत्यात. आजवर आसंच चालत आलंय. एकदा पास झालं की मंग साच्यात काय करायचं ते तू करशील, म्हनलं. तू करतीसच."

त्यांचा तिच्यावर इतका विश्वास होता. करुणाला वाटलं, डोकं भिंतीवर आपटावं, स्वतःचं की त्यांचं ते मागाहून ठरवता येईल.

रविराजला कळलं तेव्हा तो आधी घाबरला आणि मग, त्याच्या स्वभावाला धरून, जुन्या वाटेला लागला. "सोपं हाय," तो म्हणाला. "त्यांना सॅम्पलसारखं पायजे ना? देऊ की सॅम्पलसारखं. वरून एक हात मारायचा. कोन बघतंय? रंगाची टेस्टच न्हाई आता. तुम्हीच काढून टाकलीत."

"रविराजसाहेब, बूथ राहिलाय कुठं? पंखा नाही, पडदा नाही."

"मागची गोदामाची शेड हाय की. दार उघडं ठिवायचं. हंगामापुरतं."

करुणा भांडली, हातापाया पडायची तेवढी राहिली. पण हिमवातची मागणी डोक्यावर होती, आणि तिकडे त्यांच्या खोक्यांवर एक हिरवं पान छापून खाली 'रंगविरहित, निसर्गस्नेही' असं लिहून झालंसुद्धा होतं. गोदामात गन घेऊन कोण उभं राहणार असा प्रश्न आला तेव्हा चांगदेवमामा स्वतःहून उठले. "चूक माझी हाय," ते म्हणाले, "मीच निस्तरतो."

त्या शेडमध्ये वाऱ्याला जायला जागा नव्हती. चंदेरी धुकं छताखाली लोंबकळत राहायचं आणि संध्याकाळी मामा बाहेर आले की त्यांच्या भुवया, कानांवरचे केस, सगळं चंदेरी झालेलं असायचं. खोकला परत आला. पहिल्यापेक्षा जोरात आला. पूर्वी निदान पंखा होता, पाण्याचा पडदा होता. आता करुणाच्या सुधारणेनं तेही उरलं नव्हतं. पार्वतीबाई तिला म्हणाल्या, "तू काय करायला गेलीस आन् काय झालं गं हे?" त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

एका सकाळी मामांच्या खोकल्यात रक्ताची चिकट रेघ आली. त्यांनी ती बेसिनमध्ये पाणी ओतून घालवली आणि कुणाला दिसली नाही असं समजले. करुणानं कपडे बदलले, कारखान्यात जाऊन साच्यातून निघालेलं, हात न मारलेलं एक पॅनल, थिनरची बाटली आणि पांढरं फडकं पिशवीत घातलं, आणि रविराजला न सांगता कुरकुंभची वाट धरली.

"साहेब, तुमचा मंजूर नमुना काढा," ती सोहोनींना म्हणाली.

त्यांनी काढला. करुणानं फडक्यावर थिनर घेतलं, आधी आपल्याबरोबर आणलेलं पॅनल पुसलं. फडकं पांढरंच राहिलं. मग त्यांच्या सहीचा नमुना पुसला. फडकं चंदेरी झालं. सोहोनींनी फडक्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ती पुसतच राहिली आणि नावाखाली हळूहळू ती केसाएवढी रेघ वर आली.

"यावर रंग होता," करुणा म्हणाली. "तुम्हाला येतोय त्या सगळ्या मालावर रंग आहे. खोक्यावर पान आहे, आत रंग आहे. माझे वडील बंद शेडमध्ये तो मारतात. रेघ ही आहे. साच्यातून याहून चांगलं निघत नाही. मला हे पहिल्याच दिवशी तुम्हाला दाखवायचं होतं."

सोहोनींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पॅनल खिडकीपाशी नेलं.

"एवढीच?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"एवढीच रेघ? कूलर चार फुटांवर उभा असतो, मॅडम. हे कोण बघणार आहे? त्या दिवशी तुम्ही हेच आणलं असतंत तर मी सही केली असती."

करुणाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मग आता करा," ती म्हणाली. "साहेब, आता करा. हे घ्या, यावर करा."

"आता कशी करू?" त्यांचा आवाज अजूनही मऊच होता, आणि तो मऊपणा तिला असह्य झाला. "फसवणूक झाली आहे. मला वर कळवावं लागेल. ही मंजुरी रद्द. हंगाम संपेपर्यंत जुनंच, रंगवलेलं पॅनल चालेल, पण बूथ नीट हवा, पंख्यासकट. मी स्वतः येऊन बघेन. बिनरंगीचा विचार पुढच्या वर्षी. केलाच तर." त्यांनी तिच्यासमोरच रविराजला फोन लावला. फोनमधून रविराजचा चढलेला आवाज तिला टेबलाच्या अलीकडे ऐकू आला.

ती घरी पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. चांगदेवमामा ओट्यावर बसले होते. शेडमधलं काम दुपारीच थांबवलं होतं, त्यामुळं त्यांना काहीतरी झालंय एवढा अंदाज होता.

"काय म्हनले सायेब?"

करुणानं पिशवीतून पॅनल काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. येताना सगळ्या वाटेत तिनं ठरवलं होतं की त्यांना हे सांगायचं नाही. पण तोंडून निघून गेलं. "आप्पा, ही रेघ त्यांना चालणार होती. अशीच. काही न करता."

मामांनी पॅनल उजेडाकडे फिरवलं. अंगठ्यानं ती जागा चाचपली, डोळे बारीक केले.

"दिसतीय की," ते म्हणाले.

"दिसू द्या ना, आप्पा!" करुणा एवढ्या मोठ्यानं ओरडली की पार्वतीबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "दिसू द्या! कुणाचं काय जातंय दिसली तर?"

"आगं, पर दिसतीय," ते पुन्हा म्हणाले. हट्टानं नव्हे, जे आहे ते सांगावं तसं. "दिसत आसताना कसा सोडू मी पीस?"

ती त्यांच्याशेजारी ओट्यावर बसली. रविराज उद्या काय म्हणेल, नोकरी राहील की जाईल, याचं तिला त्या घडीला काहीच वाटत नव्हतं. मामा एकदा खोकले, थांबले, आणि जपून विचारलं, "मंग आता?"

"आता नवा बूथ बांधायचा. पंखा, पाण्याचा पडदा, सगळं. हंगाम संपेपर्यंत रंगच."

"मंजी प्रायमर, सिल्वर, लॅकर? पहिल्यावाणी?"

"पहिल्यासारखं."

मामांनी मान खाली घातली. तरी करुणाला दिसायचं ते दिसलं. त्यांचा चेहरा उजळला होता. गन परत हातात येणार, स्क्रू पिळणं संपलं, शेडमधलं चोरून मारणं संपलं. उघडपणे, रीतसर, पुन्हा त्यांच्यासारखा सिल्वर मारणारा या रोडला दुसरा नव्हता. ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण त्यांना आनंद झाला होता. करुणाला त्या आनंदाचा इतका राग आला, आणि त्यांच्यावर इतकी माया आली, की तिनं त्यांच्या मांडीवरचं पॅनल उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पार्वतीबाई हातांचं पीठ झटकत आत गेल्या.

"उद्या शिक्रापूरहून चांगला मास्क आणते," शेवटी ती म्हणाली. "गाळणीच्या डबीवाला. तो तरी लावा."

"लावीन की," चांगदेवमामा म्हणाले.

ते लावणार नव्हते.